लाभ, दोन, तीन

आमच्या केंद्राची या महिन्याची शिक्षण परिषद नेमकी माझ्या गावच्या शाळेत ठेवली होती. टेंभुर्णीला एसटीतून उतरले, तिथून काळीपिवळीत स्वतःला कोंबून घेतलं आणि दहाच्या सुमाराला शाळेपुढं उभी राहिले. पूर्वी इथं बाभळीच्या फांद्यांचं कवाड होतं आणि ते उघडायचा मान रोज वेगळ्या पोराला मिळायचा. आता निळं लोखंडी फाटक आहे. ते सताड उघडंच होतं, त्यामुळं मान कुणालाच नव्हता.

परिषद भरली तीही मी लहानपणी बसायची त्या दुसरीच्या वर्गात. बाकं नवीन आहेत, पण दुसरीच्या मापाची. आम्ही तीसेक शिक्षक गुडघे पोटाशी घेऊन त्यांत बसलो. केंद्रप्रमुखांनी प्रत्येकाला एक छापील कागद दिला. वर प्रश्न होता, ‘प्राथमिक शाळेतील विद्यार्थ्यांनी गणितात काय शिकावे? आपले मत पाच ओळींत लिहा.’ खाली मोजून पाच ओळी. त्याखाली नाव, शाळेचे नाव, सेवेची वर्षे, आणि सगळ्यांत शेवटी एक रकाना, ‘गणित विषयातील पात्रता’.

हा शेवटचा रकाना माझा जुना वैरी आहे. डी.एड. केलं, नंतर बी.ए. केलं ते मराठी घेऊन. इतकी वर्षं पोरांना गणित शिकवतेय, पण कागदावर दाखवायला माझ्याकडं काही नाही. म्हणून दरवेळी मी तिथं एक आडवी रेघ मारते, आणि रेघ मारताना दरवेळी मनातल्या मनात चिडते.

शेजारच्या सरांचं लिहून झालंसुद्धा. संख्याज्ञान, मूलभूत क्रिया, स्थानिक किंमत, अपूर्णांक, मापन. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेचं पहिलं पान उतरवून ते मोबाइल बघत बसले. त्यात चूक काहीच नव्हतं. मी पेनाचं टोपण काढलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

खिडकीबाहेरचा कडुनिंब मात्र तोच. मार्च संपत आला होता, झाड फुलोऱ्यानं भरलेलं, आणि वाऱ्याबरोबर तो कडवट गोड वास आत आला. या वासाबरोबर मला हमखास ज्वारीची कूस आठवते. कूस म्हणजे मळणीत उडणारी बारीक तुसं. अंगाला लागली की दिवसभर खाजत बसायचं. कडुनिंब फुलला की गावात खळी लागत, खळी लागली की आबा घरात दिसेनासे होत, आणि संध्याकाळी आले की त्यांच्या मिशीवर, भुवयांवर, कानाच्या पाळ्यांवर ती कूस असे. माय म्हणायची, “आधी आंगुळ करा, मंग पोरीला जवळ घ्या.” मी त्याआधीच जाऊन बिलगलेली असे. मग रात्री जेवताना आम्ही दोघं मिळून खाजवत बसायचो.

माझे आबा मापाडी होते. खळ्यावर ज्वारीची रास तयार झाली की ती पायलीनं मोजून पोत्यांत भरायची, हे त्यांचं काम. पायली म्हणजे लोखंडी पत्र्याचं एक माप, लहान घागरीएवढं. आबांच्या पायलीच्या काठाला एके ठिकाणी चेपलेली खूण होती आणि आतून ती दाण्यांनी घासून घासून अशी गुळगुळीत झाली होती की मी तिच्यात तोंड घालून ओरडायची. आवाज घुमून परत यायचा. रिकाम्या पायलीलाही ज्वारीचा वास असे, तो कितीही धुतली तरी जात नसे.

रास मोजणं हा आमच्याकडं एक सोहळाच होता. खळं शेणानं सारवलेलं. राशीपुढं नारळ फुटायचा. जवळ जायचं तर पायातलं काढून. आणि एकदा पहिली पायली राशीत घुसली की कुणी बोलायचं नाही. मालक असो, गडी असो, बायामाणसं असोत, सगळ्यांनी तोंडाला कुलूप घालायचं. बोलायचं फक्त मापाड्यानं, आणि त्यानंही फक्त आकडा. आबा गुडघ्यांवर बसत, दोन्ही हातांनी पायली राशीत खुपसत, काठावर निमुळती शीग लागेपर्यंत भरत आणि पोत्यात ओतत. ओतताना आकडा म्हणत, आणि पुढची पायली भरेपर्यंत तोच आकडा घोळवत राहत. “बारा हो बारा, बारा हो बारा...” म्हणजे मधेच बैल डरकला, वावटळ आली, काहीही झालं तरी आकडा तोंडातून निसटायचा नाही. वीस पायल्या झाल्या की एक खडा उजव्या गुडघ्याजवळ ठेवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पहिल्यापासून म्हणजे एकपासून नाही. पहिल्या पायलीला आमच्याकडं एक म्हणत नसत. तिला म्हणायचं लाभ. लाभ, दोन, तीन, चार. अन्न घरात येतंय, त्याची सुरुवात एकट्यादुकट्या आकड्यानं कशाला करायची, म्हणून लाभ. मला चालता यायच्या आधीपासून हे कानावर पडत होतं. मी भाकरी मोजायची ती लाभ, दोन, तीन अशी. कोंबडीची पिल्लं, जात्याचे फेरे, हुरड्याच्या दिवसांत भाजलेली कणसं, चिंचेखाली वेचलेले चिंचोके, सगळं लाभपासून. जगात मोजण्याची याहून वेगळी काही रीत असेल हे मला माहीतच नव्हतं.

ते कळलं पहिलीच्या वर्गात. गुरुजींनी तारेत ओवलेले मणी पुढं केले आणि म्हणाले, “मोज.” मी बोटानं मणी सरकवत खणखणीत आवाजात सुरू केलं, “लाभ, दोन, तीन...” आणि वर्ग फुटला. आप्पांचा नातू बाळू तर पोट धरून लोळला. आप्पा म्हणजे गावातले सगळ्यांत मोठे शेतकरी, त्यांच्या घरची रास आबाच मोजत. बाळूनं घरी ते शंभरदा ऐकलेलं असणार. पण खळ्यावरचं खळ्यावर आणि शाळेतलं शाळेत हे त्या वयातही त्याला कळत होतं, मला कळत नव्हतं. गुरुजीही हसले. ते तसे वाईट नव्हते. पण हसले, एवढं खरं.

त्यानंतर शाळेत मी लाभ कधी मोठ्यानं म्हटला नाही.

आणि तिथून माझं गणित बिघडलं. मोजून लिहायचं म्हटलं की माझं उत्तर चूक. पुस्तकात एका फांदीवर आठ पाखरं, दुसरीवर सात, मिळून किती? मी लिहायची चौदा. पाटीवर लाल खडूची फुली. मण्यांची तार पुढं आली, फुली. चित्रातले बैल, बैलांचे पाय, फुली. गुरुजी आधी समजावत, मग चिडत, मग उभं करत. पुढं पुढं तर पाटी न बघताच फुली मारत. मला पुसलेल्या पाटीचा तो ओलसर, कोळशासारखा वास अजून येतो. मी दिवसातून इतक्यांदा पाटी पुसायची की फडकं कधी वाळायचंच नाही.

गावात काय, बातमीला पाय असतात. पाणवठ्यावर बाया हसून मायला म्हणायच्या, “मापाड्याची पोर अन् मोजता येईना व्हय गं?” माय घागर उचलून चालू लागायची. मग पारावरची माणसं आबांना म्हणायला लागली, तीही हसतच, “पोरीला मोजता येत न्हाई, तुमचं माप तरी बराबर हाय ना?” आबा पण हसायचे. पण मापाड्याच्या बाबतीत ही थट्टा नव्हती. मापाड्याकडं शेत नसतं, मळा नसतो. त्याचं माप बरोबर आहे असं गाव म्हणतं, एवढीच त्याची इस्टेट. मी दुसरीत गेले त्या वर्षी हुरडा संपता संपता आप्पांचा निरोप आला, औंदा रास मोजायला टेंभुर्णीचा माणूस बोलावतोय. कारण काही सांगितलं नाही. आबांनीही विचारलं नाही. ते पायली मांडीवर घेऊन बराच वेळ तिचा काठ पुसत बसले. काठ स्वच्छच होता.

मला वाटलं, हे माझ्यामुळं झालं. आठ वर्षांच्या पोरीला असं वाटायला नको होतं. पण वाटलं, आणि ते अगदी खोटंही नव्हतं.

त्याच दिवसांत शाळेत बाई आल्या. त्या बीडकडच्या, म्हणून सगळं गाव त्यांना बीडच्या बाई म्हणायचं. बुटक्या, ठसठशीत, हातात कायम काळी छत्री, आणि आवाज असा की चौथीच्या वर्गात बोलल्या तर दुसरी गप्प व्हायची. त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझी पाटी हातात घेतली. मी सवयीनं फुलीची वाट बघत उभी होते. बाईंनी खडू उचलला, आणि तसाच ठेवून दिला. मग पाटी जवळ घेतली, लांब धरली, पुन्हा जवळ घेतली.

“चौदाच्या जागी पंधरा पाहिजे होतं. दहाच्या जागी अकरा. बाराच्या जागी तेरा.” त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. “हिची सगळी उत्तरं एकानंच कमी हायेत. चुकणारं पोर असं एका रांगेत चुकत नसतं.” मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, “तू कसं मोजायलीस, ते मला दाखीव.”

इतक्या दिवसांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. उत्तर काय आलं ते सगळे विचारत, कसं आलं ते कुणी विचारत नसे.

बाईंनी पंधरा चिंचोके माझ्यापुढं टाकले. मी पहिला चिंचोका बाजूला सरकवला. काही बोलले नाही. दुसरा सरकवला आणि म्हणाले, “एक.” तिसरा, “दोन.”

“थांब,” बाई म्हणाल्या. “हा पहिला कुठं गेला?”

“कुठं न्हाई गेला. तो हाय की तितंच.”

“मंग तो मोजला का न्हाई?”

“मोजला. मनात.”

“मनात काय म्हणलीस?”

मी मान खाली घातली. बाळू मागं फिदफिदायला लागलाच होता. बाईंनी मागं न बघता नुसता हात वर केला आणि फिदफिद बंद झाली. मग त्या माझ्याजवळ खाली जमिनीवर बसल्या. साडी, छत्री, सगळं घेऊन धुळीत बसल्या.

“लाभ,” मी पुटपुटले.

“मंग मोठ्यानं का न्हाई म्हणलीस?”

“हासतेत.”

बाईंनी तो पहिला चिंचोका उचलून मुठीत धरला. आज मी स्वतः बाई आहे, म्हणून त्या क्षणी त्यांना काय उमगलं असेल ते मला समजतं. दीड वर्ष एक पोर बरोबर मोजत होती. पहिली वस्तू ती मनात मोजायची, लाजेनं, आणि मग शाळेला हवं म्हणून शाळेचं एक पहिल्यापासून सुरू करायची. तिला येत होतं. तिला कुणी ऐकलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी बाई घरी आल्या. शेवटची एसटी चुकली तरी चालेल म्हणाल्या. मायनं चहा ठेवला, चुलीचा धूर डोळ्यांत जात होता म्हणून की कशानं कोण जाणे, बाईंचं सगळं सांगून होईपर्यंत माय पदरानं डोळे पुसत होती. आबा भिंतीला टेकून ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

“आगं येडे, लाभ मनात ठेवायचा नसतो. मोठ्यानं म्हणायचा असतो. सगळ्या खळ्यानं ऐकला पाहिजे.”

मी म्हणाले, “शाळेत हासतेत.”

आबांनी बाईंकडं पाहिलं. बाई म्हणाल्या, “ते माझ्याकडं लागलं. मला फकस्त सांगा, आप्पांची रास कवा हाय?”

बाई आप्पांकडं गेल्या त्याची हकिगत गावात पुष्कळ दिवस रंगवून सांगत. शाळेचा एक तास तुमच्या खळ्यावर घ्यायचा आहे, म्हणाल्या. पोरांना माप दाखवायचं आहे, पण मापाडी गावचाच पाहिजे, परक्या माणसाला पोरं भितात. आप्पा मुरलेले. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. “अन् मोजण्यात चुकला तर?” बाई म्हणाल्या, “चाळीस पोरं पाट्या घेऊन मोजणार हायेत. चुकला तर तिथंच कळंल की.” आप्पांना ते पटलं. एका मापाड्यावर चाळीस पहारेकरी फुकटात मिळत होते. टेंभुर्णीच्या माणसाला त्यांनी नको म्हणून कळवलं.

पुढचे आठ दिवस बाईंनी आम्हाला एकच शिकवलं. एका वस्तूला एक रेघ. चार रेघा उभ्या, पाचवी आडवी, झाली एक जुडी. आम्ही शाळेवरून जाणारी गुरं मोजली, विहिरीतून निघालेले पोहरे मोजले, कडब्याच्या गंजीतून बैलगाडीत पडणाऱ्या पेंढ्या मोजल्या. पाट्यांवर जुड्याच जुड्या. मजा अशी यायची की सुट्टी झालेली कळायची नाही.

राशीच्या दिवशी सकाळच्या शाळेतून आम्ही रांगेनं आप्पांच्या मळ्यात गेलो. खळ्याच्या कडेला चाळीस जोड चपला आणि बाईंची एक छत्री. सारवलेलं खळं पायांना गार लागत होतं. मधोमध रास, पांढरी, मोत्यासारखी, माझ्याहून उंच. आप्पा बाजेवर बसले होते आणि त्यांनी उपरण्याचं टोक हातात धरलं होतं. वीस पायल्यांना एक गाठ मारायची, हा त्यांचा स्वतःचा हिशोब. नारळ फुटला. आबांनी राशीला हात जोडले, पायली उचलली, गुडघ्यांवर बसले. आणि मान वळवून मला म्हणाले, “इकडं ये. आकडा तू म्हण.”

आप्पा बाजेवरून अर्धे उठले.

“अरे, हिला तर मोजता येत न्हाई म्हणतेत!”

“माप माझं, आकडा तिचा,” आबा म्हणाले. आवाज चढवला नाही. “चुकला तर सगळी पोती उलटून रास पुन्यांदा मोजून देतो. अन् परत तुमच्या खळ्यावर पाय ठेवणार न्हाई. बिलकुल न्हाई.”

आप्पांनी बाईंकडं बघितलं. बाईंनी छत्रीकडं बघितलं. आप्पा खाली बसले.

मी आबांच्या उजव्या हाताला जाऊन उभी राहिले. त्यांनी पायली राशीत खुपसली. दाण्यांचा तो आवाज, सरसर, मऊ, भरत भरत वर येणारा. शीग लागली. पायली पोत्याच्या तोंडाशी आली आणि थांबली. आकडा निघाल्याशिवाय मापाडी ओतत नाही.

माझ्या तोंडातून आवाजच निघेना. समोर चाळीस तोंडं. बाळू पहिल्या रांगेत, गाल फुगवून, कधी एकदा हसतोय असा. जिभेवर एक आलं होतं. एक म्हटलं असतं तर कुणीच हसलं नसतं. भरल्या पायलीच्या वजनानं आबांचे हात हळूहळू थरथरायला लागले होते. पण त्यांनी पायली खाली ठेवली नाही आणि माझ्याकडं बघितलंही नाही. ते पोत्याकडं बघत वाट पाहत होते.

“लाभ,” मी म्हणाले.

पायली ओतली गेली. कुणी हसलं नाही. हसणार कसं? रास मोजताना बोलायचं नसतं, आणि बाळूचे आजोबा त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसले होते. मी पुन्हा म्हणाले, “लाभ हो लाभ, लाभ हो लाभ...” आणि मग मला सूर सापडला. दोन. तीन. चाळीस पाट्यांवर चाळीस पेन्सिली एकदम किरकिरत होत्या. कूस उडत होती, नाकात जात होती, घाम पाठीवरून ओघळत होता आणि मी आभाळाला ऐकू जाईल असं ओरडत होते. वीस झाले की आबा खडा ठेवत आणि मी मान ताठ करून पुन्हा म्हणायची, लाभ. दर विसाला एकदा. दीड वर्ष जो शब्द मी गिळत आले होते, तो सगळा त्या एका सकाळी बाहेर काढला. मला आयुष्यात पुढं बक्षिसं मिळाली, नोकरी लागली, लेकरं झाली. पण त्या सकाळसारखी उंच मी पुन्हा कधी झाले नाही.

सहाव्या विसात चौदावर बैलगाडी शेजारून गेली, घुंगरांचा कल्ला झाला. मी डोळे मिटले आणि गाडी लांब जाईपर्यंत चौदा हो चौदा करत राहिले. आबांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

शेवटी खळ्यावर पसाभर दाणे उरले. ते पाखरांचे, ते उचलायचे नसतात. आबा उठले, गुडघे झटकले आणि इतक्या वेळानं पहिल्यांदा बोलले, “सात इसा अन् सहा.”

आप्पांनी उपरणं उलगडलं. सात गाठी. वरच्या सहा त्यांनी बोटांवर धरल्या होत्या. बाईंनी फळ्याऐवजी पोत्यावरच खडूनं लिहिलं, सात विसा एकशे चाळीस, अन् सहा, एकशे सेहेचाळीस. “बघा रे,” त्या पोरांना म्हणाल्या, “मापाड्याचं अन् पुस्तकाचं एकच हाय. आता पाट्या दाखवा.”

पाट्या वर झाल्या. कुठं दीडशे, कुठं एकशे बेचाळीस, पण बहुतेकांच्या जुड्या बरोबर एकशे सेहेचाळीस. बाई बाळूपुढं थांबल्या आणि त्यांनी त्याच्या जुड्या दोनदा मोजल्या.

“एकशे पंचेचाळीस. एक कमी हाय रे तुझी.”

बाळू रडकुंडीला आला. चौकशीअंती कळलं ते असं, की पहिल्या पायलीला त्यानं रेघच मारली नव्हती. तो हसायच्या तयारीत होता, हसता आलं नाही, आणि त्या गडबडीत रेघ राहून गेली. लाभ राहून गेला! आधी आप्पाच हसले, बाज करकरेपर्यंत. मग सगळं खळं हसलं. मीही हसले, पण बाळूला वाईट वाटेल म्हणून थोडंच.

आप्पा उठून आबांजवळ आले. “माप बराबर हाय,” सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “अन् पोरीचा आकडा बी बराबर हाय.”

परत येताना आबांनी पायली माझ्या डोक्यावर ठेवली. रिकामीच होती, पण मी ती गावातून अशी नेली की पाणवठ्यावरच्या बाया घागरी टेकवून बघत राहिल्या. माय दारात उभी होती. ती माझ्या केसांतली कूस वेचत बसली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी हजेरी घेतली, मग नेहमीसारखी डोकी मोजायला उठल्या. दाराजवळच्या पहिल्या पोराच्या डोक्यावर छत्रीचं टोक ठेवलं आणि म्हणाल्या, “लाभ.” दुसऱ्याच्या डोक्यावर, “दोन.” सगळा वर्ग पुढचं म्हणू लागला.

बाई चार वर्षांनी बदलून गेल्या. कुठं गेल्या ते मला कधी कळलं नाही. आता गावात खळी नाहीत. ज्वारीच्या रानात सोयाबीन आलं, दारात मळणीयंत्र आलं, यंत्रातून पोतं निघतं ते थेट वजनकाट्यावर. काट्यावर हिरवा आकडा उमटतो, तो कुणी घोळवून म्हणत नाही. आबा गेले त्याला बरीच वर्षं झाली. शेवटची काही वर्षं पायली खुंटीवर उलटी टांगलेली असायची आणि तिच्यात चिमण्यांनी घर केलं होतं. आबांनी ते काढू दिलं नाही. गावात आता मापाडी कुणाला म्हणतात हे पोरांना सांगावं लागतं. मलाही कधी कधी वाटतं, ते सगळं गेलं, धुऊन पुसून गेलं.

“मॅडम, झालं का?” केंद्रप्रमुख विचारत होते. माझ्या पाच ओळी कोऱ्या होत्या. “जेवणानंतर द्या मंग,” ते म्हणाले.

बाहेर खिचडीची सुट्टी झाली होती. कडुनिंबाखाली पोरं ताटल्या घेऊन रांगेत उभी होती आणि एक नवी, पोरगेलीशी शिक्षिका डोकी मोजत होती. मी पायरीवर चप्पल घालत होते. तिचा आवाज कानावर आला आणि माझी दुसरी चप्पल हातातच राहिली.

“लाभ, दोन, तीन, चार...”

मी तशीच एका पायात चप्पल घालून तिच्याजवळ गेले. “तुम्ही असं का मोजता?”

ती ओशाळली. “इथं असंच मोजतात, मॅडम. मी लातूरकडची, मला पण नवीनच होतं. आधीच्या सरांनी सांगितलं, या शाळेत पहिल्याला लाभ म्हणायचं. का, ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांना त्यांच्या आधीच्यांनी सांगितलेलं. चुकीचं आहे का? बंद करू?”

“नका,” मी म्हणाले. “बंद नका करू.”

रांगेच्या तोंडाशी एक वेणीवाली पोर होती, धापा टाकत होती, गुडघ्याला ताजं खरचटलेलं. मी वाकून विचारलं, “काय गं, एवढी पळत कशाला आलीस? खिचडी संपत नसती.”

“खिचडीसाठी न्हाई काई,” ती म्हणाली. “लाभ व्हायला. काल बी मीच होते. आज बी मीच हाये.” आणि मागच्या पोरांकडं तिनं असं बघितलं की ती सगळी उद्या लवकर पळायचं ठरवू लागली.

मी तिथंच कडुनिंबाच्या बुंध्याला टेकले. फुलोरा डोक्यावर पडत होता. ज्या शब्दाला या आवारात अख्खा वर्ग हसला होता, तो व्हायला आता पोरं गुडघे फोडून घेत होती. आबा, ऐकताय ना? तुमचा लाभ कुणी मनात ठेवलेला नाही.

वर्गात परत आले. सरांचा मोबाइल चालूच होता. मी त्या छोट्या बाकात बसले आणि एका दमात लिहिलं, ‘मुलाने मोजायला शिकावे, आणि आपण कसे मोजले ते न घाबरता मोठ्याने सांगायला शिकावे. बाकीचे सगळे त्यामागून येते. पण त्यासाठी आधी शिक्षकाने विचारायला शिकावे, आणि उत्तर ऐकताना हसू नये.’ पाच ओळींतल्या दोन उरल्या, त्या तशाच सोडल्या. नाव लिहिलं, शाळा लिहिली, सेवेची वर्षं लिहिली.

मग शेवटचा रकाना आला, ‘गणित विषयातील पात्रता’. हात सवयीनं रेघ मारायला गेला होता, तो थांबवला. आणि ठळक, सरळ अक्षरांत, पोरांना गिरवायला देते तशा, लिहिलं,

‘मापाड्याची मुलगी.’